पहिली खोटी नोंद

सरकारी रुग्णालयातल्या एखाद्या मोठ्या मेडिसिन वॉर्डात सकाळच्या राउंडआधी टीपीआर चार्ट चाळून पाहावेत. ओळीनं पंधरा-वीस पेशंटांचं टेम्परेचर ९८.४, पल्स ८०, श्वास २०. माणसांची शरीरं इतकी एकमतानं वागत नाहीत. कोणीतरी पहाटे पाचच्या सुमाराला एका जागी बसून हे आकडे भरलेले असतात. राउंडला आलेल्या निवासी डॉक्टरला ते कळतं, इन्चार्ज सिस्टरला कळतं, भरणारीला तर कळतंच. तिघंही गप्प राहतात, कारण विषय काढला की पुढचा प्रश्न आलाच. रात्रभर पन्नास पेशंटांमागे दोन सिस्टर होत्या. त्यात चार नव्या अॅडमिशन आल्या, एक पेशंट गेला, एकाची सलाइन तीनदा आउट झाली. मग थर्मामीटर लावायचं कधी होतं?

नोंद खोटी आहे, याबद्दल वाद नाही. ती कुठून आली याबद्दल आहे. प्रशासनाकडे उत्तर तयार असतं: कर्मचाऱ्यांमध्ये प्रेरणेचा अभाव. त्यावरचा उपायही तयार असतो. १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीला, सभागृहात मेणबत्त्या लागतात, शपथ होते, बाहेरून आलेला वक्ता सकारात्मक दृष्टिकोनावर तासभर बोलतो आणि नाइट उतरून तशाच थांबलेल्या सिस्टर मागच्या रांगेत डुलक्या घेतात. परिचारिकांच्या कार्यप्रेरणेवर जगभर प्रबंधही भरपूर लिहिले जातात. पद्धत साधारण ठरलेली: प्रश्नावली वाटायची, प्रेरणेला गुण द्यायचे, कामगिरीला गुण द्यायचे, दोन्हींचा सहसंबंध काढायचा. तो निघतोच. मग शिफारस येते की प्रेरणा वाढवा म्हणजे कामगिरी वाढेल. वास्तविक त्या आकड्यांवरून दोन्ही गोष्टी जोडीनं चालतात एवढंच कळतं. कोण कोणाला ओढतं आहे, ते कळत नाही. मला वाटतं, आपल्या बहुतेक वॉर्डांत ओढ उलट्या दिशेनं आहे. काम नीट करता आलं की करावंसं वाटत राहतं. ते नीट करताच येऊ नये अशी व्यवस्था असली की वाटेनासं होतं, आणि त्याची सुरुवात पहिल्या खोट्या नोंदीपासून होते.

तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून आलेली मुलगी पहिल्या महिन्यात सगळ्यांचं टेम्परेचर खरोखर घेते. रात्री दोनला तिचे निम्मे पेशंट झालेले असतात आणि दोनची इंजेक्शनं राहिलेली असतात. शेजारची सिनियर तिला रागावत नाही, उलट मायेनंच सांगते, “अगं, भरून टाक ते. सकाळी मॅडमनी रिकामं पाहिलं तर मेमो तुलाच.” मुलगी भरते. पहिल्या रात्री ते तिला टोचतं. आठ-दहा महिन्यांनी टोचेनासं होतं, आणि तेव्हा वॉर्ड म्हणतो, पोरगी आता रुळली. तिची प्रेरणा कमी झाली ती पगारामुळे, स्वभावामुळे की घरच्या अडचणींमुळे, याचा शोध नंतर प्रश्नावलीतून घेतला जातो. तिथं ‘तुम्ही न केलेलं काम केलं असं लिहावं लागतं का’ हा प्रश्न मात्र सहसा नसतो.

परिचर्येचं काम बाहेरच्याला नीट दिसत नाही, हीदेखील अडचण आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे शाळकरी मुलालाही समजेल असं वाक्य. माझ्या वडिलांच्या आजारपणात एका सिस्टरनं मला ते शिकवलं तेव्हा त्यात काय काय असतं ते पाहिलं. अंगाखालची आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी गुंडाळून घट्ट धरायची आणि एकाच वेळी उचलायची. माणूस ओढायचा नाही, ओढला की पातळ झालेली कातडी चादरीला घासून निघते. लघवीची नळी पायाखाली अडकली नाही ना, ते बघायचं. मग माकडहाड, टाचा, घोटे, कानाची पाळी निरखायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडायचं. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर आत बिघडायला सुरुवात झाली. चादरीची एक सुरकुतीही ठेवायची नाही. टाचा उशीच्या कडेबाहेर अधांतरी. हे सगळं करायला दोन माणसं आणि सात-आठ मिनिटं लागतात. वॉर्डात असे दहा पेशंट असले तर दर दोन तासांतला सव्वा तास त्यातच जातो. दुसरं माणूस म्हणजे वॉर्डातले मदतनीस, मामा किंवा मावशी. ते एक्स-रेला पेशंट घेऊन गेलेले असतात, किंवा त्यांचं पद चार वर्षं रिकामं असतं.

आणि हे सगळं उत्तम जमलं तर काय दिसतं? काहीच नाही. जखम झाली नाही, एवढंच. न झालेल्या जखमेची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही, तिच्याबद्दल डिस्चार्जच्या वेळी कोणी पेढे देत नाही. रजिस्टर मात्र दिसतं. म्हणून तपासणीला आलेले साहेब रजिस्टर बघतात, आणि वॉर्डही हळूहळू रजिस्टरासाठी चालायला लागतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिकत आपल्याकडे नेहमी परिचारिकांच्या सेवाभावाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी याच रुग्णालयातल्या सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, याचा उल्लेख त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये दिलेल्या निकालातही आहे. त्यांना तसं जगवत ठेवणं त्यांच्या हिताचं होतं का, हा गंभीर वाद वेगळा. इथं मला दुसरंच विचारायचं आहे. याच परिचारिका, हाच पगार, हीच इमारत. मग त्या खोलीत जे साधलं ते खच्चून भरलेल्या जनरल वॉर्डात का साधत नाही? सेवाभाव दारातून आत जाताना चढतो आणि बाहेर येताना उतरतो, असं काही नसतं. खोलीत एक रुग्ण होता, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती जबाबदारी परिचारिकांनी स्वतःहून घेतली होती. महापालिकेनं अरुणांना हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिका आडव्या पडल्या आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. त्या खोलीपुरता निर्णय त्यांचा होता. न्यायालयानंही अरुणांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार बाहेरच्या अर्जदाराला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे ठेवला. गौरवाच्या भाषणात एक तपशील सहसा गाळला जातो: हल्ल्यानंतर याच परिचारिकांनी संप केला होता, अरुणांच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या कामाची स्थिती सुधारावी म्हणून. सेवा आणि संप या गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नव्हत्या.

खुद्द नाइटिंगेल यांचं चरित्रही आपण अर्धंच वाचतो. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. दिवा घेऊन फिरणारी बाई ही प्रतिमा तिथली. पण त्या हिवाळ्यात, सगळी निष्ठा आणि कष्ट पणाला लागलेले असताना, मृत्यू वाढतच गेले. ते उतरले मार्च १८५५ नंतर. सरकारनं पाठवलेल्या स्वच्छता आयोगानं इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाणी सुधारलं, खिडक्या उघडल्या, त्यानंतर. इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून त्यांनी आकडे लावले आणि त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचं उरलेलं आयुष्य ठरवलं. दिवा ठेवून त्यांनी आलेख हातात घेतले, आणि पुढची कित्येक वर्षं मंत्र्यांना गटारांबद्दल आणि बराकींबद्दल पत्रं लिहून सळो की पळो केलं. मेणबत्तीची शपथ घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी गटाराचा प्रसंग वाचायला हवा.

आपल्या काळात हेच काम परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन यांनी केलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले दोन लाख ३२ हजार रुग्ण होते. परिचारिकेमागे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका मनानं करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती. रुग्णाचं मरण आणि परिचारिकेचं खचणं ही एकाच मुळाची दोन पानं असल्यासारखी दिसत होती. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत केलेल्या अभ्यासातही मृत्यूचा आकडा तोच आला, ७ टक्के. कॅलिफोर्नियानं २००४ पासून कायद्यानं प्रमाण ठरवून दिलं. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे दोन रुग्ण, सर्वसाधारण वॉर्डात सुरुवातीला सहा आणि वर्षभरात पाच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही काही वाईट नाही. शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक पद, इतर रुग्णालयात पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. फक्त तो निकष आहे, कायदा नाही. आणि खाटा मोजताना जमिनीवर गादी टाकून झोपवलेला पेशंट त्यात धरला जात नाही.

सततच्या ताणाखाली संस्था स्वतःला कशी वळवून घेते, यावर इसाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनी १९६० च्या सुमाराला एक विलक्षण निबंध लिहिला. लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयात शिकाऊ परिचारिका मोठ्या संख्येनं, जवळजवळ एक तृतीयांश, अभ्यासक्रम अर्धवट सोडून जात होत्या. मेन्झीज यांना असं दिसलं की वॉर्डाची सगळी रचनाच परिचारिकेला रुग्णापासून दूर ठेवण्यासाठी बेतलेली आहे. कामाचे तुकडे पाडलेले. एकीनं तीस जणांचं बीपी घ्यायचं, दुसरीनं तीस जणांची औषधं द्यायची, पूर्ण माणूस कोणाच्याच वाट्याला नाही. रुग्णाला नावानं न ओळखता दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर म्हणायचं. छोट्याशा निर्णयासाठीही वर विचारायचं. दुःख आणि मरण सतत डोळ्यांसमोर असताना मन शाबूत राहावं म्हणून हे बचाव उभे राहिले होते. पण त्यांनी चिंता कमी केली नाही, कामातलं समाधान तेवढं काढून घेतलं. सोडून जाणाऱ्यांत ज्यांना कामाची आस जास्त होती अशा मुली पुष्कळ होत्या, हे त्यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं निरीक्षण. आपल्या वॉर्डांत ‘तेरा नंबरची सलाइन संपली’ हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येतं. ते म्हणणारी सिस्टर कठोर असते असं नाही. तिला तेरा नंबरला नाव द्यायला सवड मिळालेली नाही, आणि एकदा नाव दिलं की रात्री घरी जाताना ते बरोबर येतं.

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो अनेकदा वॉर्डातल्या सिस्टरच घेतात. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत एक जण धावत असते आणि दुसरी स्टेशनवर बसून मोबाइल बघत असते. मग परिस्थितीला दोष कसा द्यायचा? खरं आहे. माणसामाणसांत फरक असतो. कायम नोकरीत अंग चोरणारेही असतात, वशिल्यानं सोयीची ड्यूटी लावून घेणारेही. पण वॉर्ड या दोघींशी कसं वागतो तेही बघावं. धावणारीला बक्षीस म्हणून आणखी धावायला लावतात. लहान मुलांच्या बारीक शिरा जिला सापडतात तिला चार वॉर्डांतून बोलावणी येतात. तिचं स्वतःचं काम कोणी उचलत नाही, आणि वर्षअखेरच्या गोपनीय अहवालात दोघींना एकच शेरा मिळतो. तीन-चार वर्षांत धावणारी शहाणी होते. ‘मला नाही मिळत व्हेन’ म्हणायला शिकते. आपलं कौशल्य लपवून ठेवणं शहाणपणाचं ठरावं, अशी ही जागा आहे. कामचोर कुठल्याही कचेरीत भेटतील. चांगल्या माणसाला कामचोर बनवायचं काम मात्र सगळ्याच कचेऱ्या इतक्या चोख करत नाहीत.

त्यात जबाबदारी आणि अधिकार यांचा मेळ नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालकं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. नगरमध्ये सुरुवातीच्या अटकेत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. कोणाची चूक किती, हे न्यायालय ठरवेल. पण त्या आठवड्यात राज्यभरातल्या वॉर्डांनी जो धडा घेतला तो पोलिसी तपासाच्या पलीकडचा होता. वायरिंग कोणतं घालायचं, अग्निशमन यंत्रणेची निविदा कधी काढायची, यांतलं काहीही जिच्या हातात नाही, तिच्याकडे आधी बोट जातं. असा धडा मिळालेली व्यक्ती काय करते? कागद चोख ठेवते. पेशंटजवळ घालवायची दहा मिनिटं ती स्वतःच्या बचावाच्या नोंदी लिहिण्यात घालवते, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

उलट, अधिकार दिला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होणं ही अतिदक्षता विभागातली नेहमीची आणि जीवघेणी अडचण. पीटर प्रोनोव्हॉस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी त्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणं, अंगभर निर्जंतुक कपडा, क्लोरहेक्सिडिननं त्वचा पुसणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, गरज संपली की नळी काढणं. यात नवीन काहीच नव्हतं. नवीन होतं ते असं की डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार परिचारिकेला दिला गेला, आणि वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहतील हे आधीच जाहीर केलं गेलं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे केलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात संसर्गाच्या प्रमाणात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. त्या परिचारिकांना कोणी प्रेरणेवर व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांना जे आधीपासून दिसत होतं ते बोलायची मुभा मिळाली. आपल्याकडे वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला “सर, ग्लोव्हज बदलायचे राहिले” म्हणताना आधी आजूबाजूला कोण आहे ते बघते.

पैशाबद्दल थोडक्यात. पगार वाढवला की सेवा सुधारते, इतकं सरळ गणित नाही, सरकारी आणि खासगी रुग्णालयांची तुलना केली की ते कळतं. पण पगार अपमानास्पद असला की बाकी काहीही बोलणं अशिष्टपणाचं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीनं खासगी परिचारिकांसाठी शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी पगाराइतका पगार, आणि पन्नासहून कमी खाटांच्या छोट्या नर्सिंग होममध्येही महिना २० हजारांपेक्षा कमी नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. तालुक्याच्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या मुलीला पगार विचारून पाहावा. ती मोबाइलवर बी-वन पातळीचं जर्मन शिकत असण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्र शासनानंच २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आल्या. तिथं जाऊन याच मुलींच्या अंगात अचानक प्रेरणा संचारेल, आणि इथं कोणीतरी त्याचं श्रेय जर्मन शिस्तीला देईल.

मग करायचं काय? माझ्या मते सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करता येते. परिचारिकेला चार्टवरचा रकाना रिकामा ठेवायची आणि शेजारी ‘वेळ मिळाला नाही, दोघींमागे ५२ पेशंट’ असं लिहायची मुभा द्यावी, आणि त्यावर मेमो काढू नये. महिनाभरात कुठल्या वॉर्डात काय होत नाही, याचा खरा नकाशा अधीक्षकांना फुकट मिळेल. त्यांना तो हवा आहे का, हा प्रश्न वेगळा. दुसरं, वॉर्डाला कारकून द्यावा. इंडेंट, डाएट शीट, लॉन्ड्रीचा हिशेब, आरोग्य योजनेचे कागद, बंद पडलेल्या पंख्याचं पत्र, या सगळ्यात सिस्टरच्या पाळीचा मोठा भाग जातो, आणि यातल्या एकाही कामाला जीएनएमची तीन वर्षं लागत नाहीत.

महाग गोष्ट एकच आहे, रिकामी पदं कायमस्वरूपी भरणं, आणि नेमकी तीच टाळली जाते. २०२२ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. मागण्यांत कंत्राटी भरतीला विरोध ठळक होता. वर्तमानपत्रांत रुग्णांच्या हालांचे मथळे आले, आणि हाल झालेही. पण ११ महिन्यांच्या ऑर्डरवर आलेल्या मुलीला लाल डाग बोटानं दाबून बघायला कोणती सिनियर मनापासून शिकवेल, आणि तीन महिन्यांचा पगार थकलेला असताना ती मुलगी ते किती दिवस लक्षात ठेवेल, हा प्रश्न त्या मागणीत होता. सरकारनं तो आस्थापना खर्चाचा प्रश्न म्हणून वाचला. रुग्णालयांच्या प्रेरणा शिबिरांवर जो खर्च होतो, तो कुठल्या शीर्षाखाली जातो, हेही कधीतरी माहितीच्या अधिकारात विचारून पाहायला हरकत नाही.